पॅरिसमधला चौदा जुलै : झेंडा, टोपी आणि नव्वद वर्षांचं भांडण

११ जुलै, शुक्रवार

बास्टीलच्या चौकात बास्टील, म्हणजे राजाचा तो तुरुंगवाला किल्ला, नाहीये. हे आधीच सांगून टाकतो, कारण मेट्रोतून वर येऊन मोबाईल हातात धरून किल्ला शोधणारी माणसं आजही तिथे होतीच. १४ जुलै १७८९ ला लोकांनी किल्ला घेतला आणि लगोलग पाडायलाच काढला. पालुआ नावाच्या कॉन्ट्रॅक्टरने ते काम घेतलं, आणि गडी इतका हुशार की पाडलेल्या दगडांतून किल्ल्याची छोटी मॉडेल्स कोरून घेतली आणि देशभर पाठवली, म्हणजे देशभक्तीही झाली आणि स्वतःचं नावही झालं. बराचसा दगड सेन नदीवरच्या काँकॉर्द पुलात गेला. मुख्य किल्ली लाफायेत नावाच्या फ्रेंच सेनापतीने अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनला पाठवली, ती अजून तिकडे माउंट व्हर्ननला भिंतीवर आहे. थोडक्यात, किल्ला सगळ्या जगात आहे, फक्त इथे नाही.

आम्ही सकाळीच उतरलो होतो आणि डोळे मिटत होते, पण दाजींचा नियम असा की पहिल्या दिवशी दुपारी झोपायचं नाही, नाहीतर जेटलॅग आठवडाभर मानगुटीवर बसतो. त्यामुळे ताईकडे आंघोळ आणि वरणभात उरकून दाजी, भाची, मी आणि बायको असे चौघं बाहेर पडलो. दाजींना इतिहासाचं वेड आहे. नोकरी कॉम्प्युटरची, पण सुट्टीत माणूस म्युझियममध्येच सापडणार. भाची तिकडच्याच शाळेत, फ्रेंच फाडफाड आणि मराठी ताईच्या धाकाने चांगली.

चौकाच्या मधोमध जो उंच हिरवट खांब आहे आणि वर सोनेरी पंखवाला पोरगा एका पायावर उभा आहे, तो बहुतेक टुरिस्ट १७८९ चा समजून फोटो काढतात. तो १८३० चा. १८३० च्या जुलैत २७, २८, २९ असे तीन दिवस पॅरिसच्या रस्त्यांवर लढाई झाली, दहाव्या चार्ल्सला पळवून लावलं आणि लुई फिलिप राजा झाला, त्या तीन दिवसांत मेलेल्या लोकांची नावं खांबावर सोन्यात आहेत, पाचशेच्या वर, आणि ते लोक खाली तळघरात पुरलेले आहेत. गंमत म्हणजे हा खांब उभारला राजाने, आणि १८४८ ला त्याच राजाला हाकलताना जे मेले तेही ह्याच खांबाखाली आणून ठेवले.

"मामा, पाच नंबरच्या मेट्रोत चल," म्हणून भाचीने हात धरून खाली नेलं. तिथे प्लॅटफॉर्मवर बास्टीलच्या खंदकाच्या भिंतीचे दगड आहेत, पिवळट राखाडी, गुडघ्याएवढे, बाजूला एक पाटी. गाडी येते, लोक चढतात, कोणी बघत नाही. पुढे नदीकडे एका छोट्या बागेत एका बुरुजाचा पाया पण ठेवलाय, १८९९ ला मेट्रो खणताना सापडलेला. त्या बुरुजाचं नाव स्वातंत्र्य बुरूज, आणि होता तुरुंगाचा, आता बोला.

किल्ल्यात त्या दिवशी कैदी किती होते माहितीये? सात. चार जण खोटे कागद बनवणारे, दोघं डोक्याने गेलेले, आणि एका सरदाराला तर घरच्यांनीच आत टाकलेलं. लोक खरं तर दारूगोळ्यासाठी आले होते, बंदुका सकाळीच इन्व्हॅलिद नावाच्या जखमी सैनिकांच्या इमारतीतून मिळाल्या होत्या पण बार भरायला दारू नव्हती. दाजी म्हणाले, "ह्या शहरात कशालाही १७८९ म्हणायच्या आधी तारीख बघत जा. सुरुवात तेव्हाची, पण बहुतेक मालावर शिक्का १८८० च्या आसपास बसलाय." हे वाक्य मी मनात धरून ठेवलं आणि पुढे रोज तपासून बघितलं.

१२ जुलै, शनिवार

आज लग्न! दाजींच्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न होतं आणि पाहुणे आलेत म्हटल्यावर आम्हालाही आमंत्रण. मला वाटलं चर्च असेल, पांढरा झगा, घंटा वगैरे. झगा होता, पण लग्न उपनगराच्या नगरपालिकेत. फ्रान्समध्ये कायद्याने लग्न म्हणजे नगरपालिकेतलंच, चर्च किंवा आणखी काय हौस असेल ती नंतर. सरकारी लग्नाआधीच धार्मिक लग्नं लावत सुटणाऱ्या पाद्र्याला शिक्षा होऊ शकते. हे १७९२ पासून, त्याआधी जन्म-मृत्यू-लग्नाची वही पाद्र्यांच्या हातात होती, ती क्रांतीने काढून नगरपालिकेला दिली. दाजींचं म्हणणं की राजाचं डोकं उडवण्यापेक्षा ही वही काढून घेणं जास्त मोठं काम होतं आणि मला ते पटलं, कारण डोकं एकदा उडतं, वही रोज लागते.

हॉल साधाच. लाल गादीच्या खुर्च्या, भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो, आणि कोपऱ्यात उंच स्टँडवर मारियान. मारियान म्हणजे रिपब्लिकची बाई, पांढऱ्या प्लास्टरचा छातीपर्यंतचा पुतळा, डोक्यावर पुढे टोक झुकलेली मऊ टोपी. ही टोपी रोममधल्या मुक्त झालेल्या गुलामांची म्हणून क्रांतीवाल्यांनी उचलली. २०२४ च्या ऑलिंपिकचा मॅस्कॉट आठवतोय ना, लाल तिकोनी डोळेवाला प्राणी? तो प्राणी नव्हताच, ती हीच टोपी.

लग्न लावायला उपमहापौर बाई आल्या, कोटावरून तिरंगी पट्टा, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला. भाची कानात कुजबुजली, "मामा, झालर बघ कसली आहे, चंदेरी. खऱ्या मेअरची सोनेरी असते. आणि निळा रंग गळ्याकडे आहे ना? खासदार असेल तर लाल गळ्याकडे." शाळेत शिकवतात म्हणे. मी म्हटलं वा, म्हणजे पट्टा बघून माणसाची पायरी कळते, समतेच्या देशात.

मग बाईंनी सिव्हिल कोडची कलमं वाचली. एकमेकांचा आदर, निष्ठा, मदत, आधार. पुढे मुलांच्या जबाबदारीचं कलम. सगळं उभं राहून ऐकायचं. दार सताड उघडं ठेवलेलं, आणि ते चुकून नाही, नियमच आहे, लग्न सगळ्यांसमोर व्हायला पाहिजे आणि कोणाला हरकत असेल त्याला आत येता आलं पाहिजे. एक कुरियरवाला खरंच डोकावून गेला! दोघांनी होकार दिला, सह्या झाल्या, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, कुटुंबाचं एक सरकारी पुस्तक हातात दिलं, टाळ्या. ह्याच्यापुढे काही नाही. बायको म्हणाली, "अहो, वीस मिनिटांत?" आमच्या लग्नात वीस मिनिटं तर फक्त आंतरपाट शोधण्यात गेली होती.

नंतर बाहेर बागेत शॅम्पेन उडाली तेव्हा मी परत आत जाऊन मारियान जवळून बघितली. नाकाच्या शेंड्याचा टवका उडालेला आणि टोपीवर धूळ. हा पुतळा ठेवलाच पाहिजे असा कायदा नाही, तरी गावोगाव असतो. चेहरा ठरलेला नाही. १९६९ ला एका शिल्पकाराने ब्रिजित बार्दोचा चेहरा घेऊन केला तेव्हापासून नट्यांची फॅशनच आली, कॅथरीन दनव्ह झाली, २००० ला मॉडेल लेतिशिया कास्ता झाली. इथे हिचं तोंड बघा किंवा पोस्टाच्या तिकिटावर बघा, दर राष्ट्राध्यक्षाबरोबर तिकिटावरची मारियान बदलते.

पण टोपीचं राजकारण वेगळंच आहे. १८४८ ला दुसरं रिपब्लिक आलं तेव्हा सरकारी मोठा शिक्का बनवला, त्यावरची बसलेली बाई बघितली तर डोक्यावर टोपी नाहीच, सूर्याचे किरण आहेत. टोपी म्हणजे गिलोटीनची (डोकी उडवायचं यंत्र), जहालांची, ती सरकारी कागदावर नको असं सभ्य लोकांना वाटायचं. तोच शिक्का आजही चालू आहे. न्यूयॉर्कच्या लिबर्टीच्या डोक्यावरही किरणच आहेत, आणि ती फ्रेंचांनीच दिलेली आहे.

संध्याकाळी मुद्दाम रेपुब्लिक चौकात गेलो, कारण तिथली बाई टोपीवाली आहे. १८८३ ला बसवलेली, मोठी थोरली ब्राँझची, एका हातात ऑलिव्हची फांदी, दुसऱ्या हाताखाली मानवी हक्कांची पाटी. खाली दगडी चौथऱ्यावर तीन बाया, स्वातंत्र्य, समता, बंधुता. आणि समोर एक सिंह, त्याच्याजवळ मतपेटी! सिंह मतपेटी राखतोय ही आयडिया मला जाम आवडली. पोरं स्केटबोर्ड खेळत होती, कोणत्या तरी संपाची पत्रकं वाटणारे दोघं होते, चौथऱ्यावर मार्करने काहीबाही लिहिलेलं. २०१५ च्या हल्ल्यांनंतर लोक फुलं आणि मेणबत्त्या घेऊन इथेच आले होते, कोणी बोलावलं नव्हतं. मोर्चा निघाला तरी इथूनच निघतो. तर ही टोपी १८८३ ला चौकात आली म्हणजे दाजींचा १८८० वाला नियम इथे लागू झाला.

१३ जुलै, रविवार

दिवसा कार्नाव्हाले म्युझियम. फुकट आहे, आणि पॅरिसच्या इतिहासाचं तेच खरं घर आहे, मोना लिसाच्या गर्दीत चिरडून घेण्यापेक्षा इथे जा. पालुआने बास्टीलच्याच दगडातून कोरलेलं बास्टील इथे काचेत आहे. बायकोला पाय दुखायला लागले म्हणून बाकी भराभर बघितलं.

खरी मजा रात्री. १३ आणि १४ च्या रात्री पॅरिसच्या फायर स्टेशनांमध्ये नाच असतो. म्हणजे खरंच, बंब बाजूला काढतात, अंगणात दिवे, डीजे, बियरचे काउंटर, दारात एक लाकडी डबा, त्यात तुम्हाला वाटेल ते टाका. ताई म्हणाली लवकर चला नाहीतर लाईनच लागेल आणि लाईन लागलीच, पण लाईनमध्ये सगळं गाव होतं, म्हाताऱ्या आज्या, कडेवर पोरं, आफ्रिकन कुटुंबं, कॉलेजच्या पोरी. आत गेल्यावर चार फायरमन टेबलावर चढून नाचत होते आणि त्यांना बघायला समोर कोण होतं ते सांगायला नको. बायको पण होती. मी बियर आणायला गेलो.

दाजींनी तिथल्या आवाजात ओरडून ओरडून सांगितलेली गोष्ट अशी की १८१० ला नेपोलियनच्या दुसऱ्या लग्नानिमित्त ऑस्ट्रियाच्या राजदूताने मोठा नाच ठेवला होता, मांडव लाकूड-कापडाचा आणि मेणबत्त्या शेकडो, आग लागली, माणसं मेली, राजदूताची भावजय मेली. त्या वेळचं अग्निशमन म्हणजे आनंदच होता, म्हणून नेपोलियनने १८११ ला पॅरिससाठी सैन्याची अग्निशमन तुकडी काढली. आजही पॅरिसचे फायरमन सैनिक आहेत. तर नाचात लागलेल्या आगीतून जन्मलेली तुकडी आता दरवर्षी नाच भरवते! फायर स्टेशनचं दार लोकांना उघडायची पद्धत मात्र १९३७ पासूनची सांगतात, मॉन्मार्त्रच्या स्टेशनपासून.

परत येताना एक वाजला. भाची दाजींच्या खांद्यावर झोपलेली. उद्या सहाला उठायचंय म्हणे.

१४ जुलै, सोमवार

ज्यांना परेड बघायचीय त्यांना सांगतो, परेड दहाच्या सुमारास सुरू होते पण सातपर्यंत शाँज एलिझे रस्त्यावर पोचा, जवळची मेट्रो स्टेशनं बंद असतात, लांब उतरून चालावं लागतं, बॅग तपासतात, आणि एकदा जागा पकडली की हलायचं नाही. सोबत खायला घ्या. ताईने मेथीचे ठेपले दिले होते, ते आजूबाजूच्या फ्रेंच आज्यांना पण वाटले. एका आजीने बदल्यात चेरी दिल्या.

दोन-तीन तास नुसतं उभं राहायचं म्हटल्यावर दाजींचं लेक्चर झालंच. आधी १४ जुलैचं. हा सण म्हणून १८८० ला कायद्याने ठरला. कायदा एका ओळीचा, रिपब्लिक १४ जुलै हा वार्षिक राष्ट्रीय सण म्हणून स्वीकारतं, बस. कुठल्या सालचा १४ जुलै ते लिहिलंच नाही. का? तर सिनेटमधल्या मवाळांना १७८९ चं रक्त नको होतं, किल्लेदाराचं मुंडकं भाल्यावर मिरवलेलं होतं ना त्या दिवशी. म्हणून त्यांना सांगितलं की अहो १७९० चा १४ जुलै पण आहे, त्या दिवशी शाँ द मार्सच्या मैदानावर देशभरातून लोक आले होते, राजाने शपथ घेतली होती, सगळे गळ्यात गळे, फक्त पाऊस फार होता. ज्याला जो १४ जुलै हवा तो त्याने घ्यावा. साल न लिहून भांडण मिटवायची ही युक्ती मला फार भारी वाटली, आपल्याकडच्या कुठल्याही मीटिंगमध्ये चालेल.

मग झेंड्याचं. निळा-लाल पॅरिस शहराचा, मधला पांढरा राजाचा, १७८९ ला टोपीवर लावायच्या फुलापासून सुरुवात, १७९४ ला आजच्यासारखा उभ्या पट्ट्यांचा झाला. मग नेपोलियन गेला, राजे परत आले, झेंडा परत पांढरा! १८३० ला तिरंगा परत. १८४८ ला कामगार म्हणाले आता लाल पाहिजे, तर कवी लामार्तिन नगरपालिकेसमोर उभा राहून जमावाशी भांडला आणि तिरंगा वाचवला. आणि ह्यापेक्षा भारी १८७३. प्रशियाकडून मार खाऊन साम्राज्य कोसळलेलं, संसदेत बहुमत राजेशाहीवाल्यांचं, राजा ठरलेला, जुन्या राजघराण्यातला शांबोरचा काउंट. आणि घोडं अडलं ते झेंड्यावर! हे महाराज म्हणाले मी येईन तर हेन्री चौथ्याच्या पांढऱ्या झेंड्याखालीच येईन, तिरंगा मला चालणार नाही. सैन्य तिरंगा सोडणार नव्हतं. लोकांनी विनवण्या केल्या, ह्यांनी पत्र लिहून कळवलं की नाही म्हणजे नाही. गेलं सिंहासन. पुढे १८७५ ला राष्ट्राध्यक्षाची निवड कशी करायची ह्या दुरुस्तीत रिपब्लिक हा शब्द घुसला तो ३५३ विरुद्ध ३५२ मतांनी. एका मताने!

म्हणजे हे सगळं जे आज इतकं अढळ वाटतं, विमानांनी आकाशात रंगवलेलं, ते एका मताने आणि एका हट्टी म्हाताऱ्याच्या कृपेने टिकलंय. (म्हातारा नव्हता खरं तर, त्रेपन्नचा होता. पण डोकं म्हातारं.)

तेवढ्यात विमानं आलीच. नऊ अल्फा जेट, मागे निळा-पांढरा-लाल धूर, आवाज आधी छातीत येतो मग कानात. गर्दीतून एकदम ओऽऽ. राष्ट्राध्यक्ष त्याआधीच उघड्या गाडीतून सैन्य बघत खाली गेले होते, मग तुकड्या सुरू झाल्या. इंजिनिअरिंगची पोरं-पोरी दोन टोकांची टोपी आणि कमरेला तलवार लावून, ती बघून भाची म्हणाली मला पण तिथे जायचंय. पॅरिसचे फायरमन, काल रात्री टेबलावर नाचणारे त्यात असतील तर ओळखू आले नाहीत. रिपब्लिकन गार्डचे घोडे. आणि पायी तुकड्यांत शेवटी परदेशी लीजन, म्हणजे फ्रेंच सैन्यातली परदेशी लोकांची तुकडी, त्यांची चाल वेगळी, बाकीचे मिनिटाला १२० पावलं टाकतात, हे ८८, वरातीतल्या मानकऱ्यासारखे संथ. सगळ्यात पुढे दाढीवाले, अंगावर चामड्याचा एप्रन, खांद्यावर कुऱ्हाड. टाळ्या सगळ्यात जास्त त्यांनाच.

दरवर्षी बहुतेक कोणत्या ना कोणत्या देशाला पाहुणा म्हणून बोलावतात. २००९ ला भारत होता, मनमोहन सिंग पाहुणे, आणि भारतीय तुकड्यांच्या पुढे कोण होतं? मराठा लाइट इन्फंट्री! दाजी त्या वर्षी हजर होते. म्हणाले, "आपली पोरं कमानीकडून खाली येताना दिसली आणि मी एवढा ओरडलो की शेजारच्या बाईने विचारलं तुमचा मुलगा आहे का त्यात." दाजींनी हो म्हणून सांगितलं होतं. ताईने आजही ह्यावरून त्यांना ऐकवलं.

राष्ट्रगीत झालं तेव्हा भाची पूर्ण म्हणाली, एकही अडखळ नाही. शाळेत शिकवणं कायद्याने सक्तीचं आहे. गाण्याचं नाव मार्सेयेज, ते १७९२ च्या एप्रिलचं, एका रात्रीत लिहिलेलं, पण मार्सेय शहरात नाही तर पार दुसऱ्या टोकाला स्ट्रासबुर्गमध्ये, ऑस्ट्रियाशी युद्ध जाहीर झालं म्हणून तिथल्या महापौराने रूजे द लिल नावाच्या इंजिनिअर कॅप्टनला सांगितलं की सैन्यासाठी काहीतरी लिही. मार्सेयचे स्वयंसेवक ते गात पॅरिसला आले म्हणून मार्सेयेज. आता कर्माची गंमत बघा, लिहायला सांगणाऱ्या महापौराला पुढच्याच वर्षी गिलोटीनवर चढवलं, आणि लिहिणारा राजाला पदच्युत करायला कबूल नव्हता म्हणून तुरुंगात गेला. म्हणजे क्रांतीचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं क्रांतीने स्वतः धरलेल्या माणसाचं. राष्ट्रगीत १७९५ ला झालं, मग नेपोलियनने आणि राजांनी बाजूला सारलं, आणि कायमचं परत आलं १८७९ ला. बघा, परत तेच १८८० च्या आसपासचं साल.

शब्द मात्र फार रक्ताळलेले आहेत, शत्रूच्या अशुद्ध रक्ताने शेताच्या सऱ्या भिजू देत वगैरे, सात-आठ वर्षांची पोरं निरागस चेहऱ्याने म्हणतात. बदलावे का ह्यावर तिकडे अधूनमधून वाद होतो, बदलत कोणी नाही.

परेड जिथे संपते, जिथे राष्ट्राध्यक्ष मांडवात बसतात, तो काँकॉर्द चौक. २१ जानेवारी १७९३ ला सोळाव्या लुईचं डोकं ह्याच चौकात उडवलं, ऑक्टोबरात मारी आंत्वानेतचं. राष्ट्रप्रमुखाची खुर्ची बरोबर तिथेच टाकायची म्हणजे जरा जास्तच झालं नाही का? मधे लक्सरचा इजिप्शियन स्तंभ आहे. तो का, तर लुई फिलिपला तिथे राजाचा पुतळा लावता येईना आणि क्रांतीचं स्मारक लावायचं नव्हतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या रामसेसवर कोणाचं काय म्हणणं असणार, म्हणून १८३६ ला तो उभा केला.

रात्री आयफेलची आतषबाजी अकराला, म्हणजे बरोबर त्या १७९० वाल्या मैदानावर. मी अर्धी उभ्या उभ्या झोपेत बघितली.

१५ जुलै, मंगळवार

सगळे उशिरा उठले. दुपारी पँथिऑन.

ही इमारत बघितली की फ्रान्सचा सगळा घोळ एका जागी कळतो. पंधराव्या लुईने नवस केला होता म्हणून चर्च बांधायला घेतलं, बांधून होईपर्यंत क्रांती झाली, १७९१ ला म्हणाले चर्च नको, थोर माणसांची समाधी करू. नेपोलियनने परत चर्चला दिलं. १८३० ला परत समाधी. पुढच्या नेपोलियनने परत चर्च. १८८५ ला लेखक व्हिक्टर ह्यूगो गेला, त्याला ठेवायला जागा पाहिजे म्हणून परत समाधी, आणि तेव्हापासून हात लावला नाही. पण घुमटावर क्रूस अजून आहे, बहुतेक कोणाला भांडण नको होतं. थोर माणसं पण कायम नसतात बरं का, क्रांतीतला पुढारी मिराबो सगळ्यात पहिला आत गेला आणि राजाशी त्याचा गुपचूप व्यवहार होता हे कळल्यावर बाहेर काढला. मारा नावाचा दुसरा पुढारी तर काही महिनेच टिकला.

खाली तळघरात थंडगार. व्होल्तेर आणि रूसो हे दोघं विचारवंत समोरासमोर, जिवंतपणी एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. मेरी क्युरी १९९५ ला आल्या, स्वतःच्या कामावर इथे आलेली पहिली बाई, त्यासाठी रिपब्लिकला दोनशे वर्षं लागली. नर्तकी-गायिका जोसेफिन बेकर २०२१ ला. बायकोने मेरी क्युरींसमोर हात जोडले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली, ती फिजिक्स शिकवते.

तिथून चालत लक्झेंबर्ग बागेमागे व्होजिरार रस्त्यावर ३६ नंबरला गेलो. सिनेटसमोर कमानी आहेत, त्यांच्या भिंतीत संगमरवराची एक आडवी पट्टी बसवलीय, वर कोरलंय मीटर. झालं, एवढंच. पण ही १७९६-९७ ची पट्टी आहे. त्याआधी गावागावात माप वेगळं, जमीनदाराचं वेगळं, बाजाराचं वेगळं, गरीब माणूस दोन्हीकडून लुबाडला जायचा. क्रांतीने नवीन माप काढलं आणि लोकांना सवय व्हावी म्हणून शहरात अशा सोळा पट्ट्या लावल्या, या आणि तुमची काठी मापून बघा. मूळ जागेवर उरलेली ही एकच. मी हात पसरून मापलं, डाव्या खांद्यापासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत बरोबर भरलं. संगमरवर कडेने गुळगुळीत झालाय, टोकांना पितळी खुणा. त्यांनी दहा दिवसांचा आठवडा पण काढला होता, महिन्यांना नवी नावं दिली होती, ते १८०६ च्या एक जानेवारीला नेपोलियनने बंद केलं. सुट्टी सात दिवसांऐवजी दहा दिवसांनी म्हटल्यावर कोण ऐकणार हो? माझ्या मते सगळ्या राष्ट्रीय प्रतीकांत यशस्वी हा मीटरच, त्याच्यासाठी कोणी गाणं म्हणत नाही पण आपल्या कापडाच्या दुकानातही तोच चालतो.

परतताना प्रत्येक शाळेवर, पोलीस चौकीवर, नगरपालिकेवर तेच तीन शब्द, स्वातंत्र्य, समता, बंधुता. क्रांतीतला पुढारी रोब्सपियेर १७९० मध्येच बोलला होता, १८४८ ला ब्रीद म्हणून घटनेत आले, पण इमारतींच्या कपाळावर कोरले गेले ते १८८० च्या १४ जुलैला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या पेतांच्या सरकारने ते नाण्यांवरून काढून तिथे श्रम, कुटुंब, मायभूमी लिहिलं होतं.

मराठी माणसाने हे तीन शब्द वाचल्यावर बाबासाहेब आठवणार नाहीत असं होतच नाही. भाचीने विचारलं पण, आपल्या संविधानात हे फ्रान्सवरून आलेत का? तिला सांगितलं की १९५४ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब रेडिओवर स्पष्ट बोलले होते, माझं तत्त्वज्ञान ह्या तीन शब्दांत आहे, पण ते मी फ्रेंच क्रांतीकडून उसने घेतलेत असं कोणी म्हणू नये, ते मी बुद्धाकडून घेतलेत. भाची म्हणाली, "हे मी वर्गात सांगू?" मी म्हटलं जरूर सांग, बाई चिडल्या तर मामाचं नाव सांग.

रात्री जेवताना दाजींनी राजाच्या केकची गोष्ट सांगितली. जानेवारीत तिकडे एक केक खातात, आत चिनीमातीचा छोटा दाणा लपवलेला, ज्याच्या वाट्याला येईल तो त्या दिवसाचा राजा, कागदी मुकुट घालतात. क्रांतीवाल्यांनी ह्याचं नाव समतेचा केक करून बघितलं. आणि आजही राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे महालात जो मोठा केक येतो त्यात दाणा नसतो. रिपब्लिकच्या घरात राजा निघाला तर कसं व्हायचं!

१६ जुलै, बुधवार

सकाळी पेर लाशेझ कब्रस्तान. बाकीचे लोक गायकांची थडगी शोधत होते, आम्ही पार कोपऱ्यातल्या भिंतीपाशी. १८७१ ला पॅरिसने स्वतःचं वेगळं सरकार काढलं, त्यालाच कम्युन म्हणतात, लाल झेंडा लावला, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात व्हर्सायला बसलेल्या देशाच्या सरकारच्या फौजेने ते रक्तात बुडवलं. २८ मेला ह्या भिंतीशी १४७ जणांना उभं करून गोळ्या घातल्या. त्यांना मारणारं सरकारही तिरंगावालंच होतं, हे लक्षात घ्या. भिंतीवर साधी दगडी पाटी, खाली ताजे लाल गुलाब. दर मे महिन्यात डावे पक्ष आणि कामगार संघटना अजून इथे येतात.

दुपारी मॉन्मार्त्रची टेकडी, कारण कम्युनची ठिणगी तिथेच पडली, १८ मार्चला सरकार तिथल्या तोफा न्यायला आलं आणि लोकांनी दिल्या नाहीत. बरोबर त्याच टेकडीवर मग संसदेने १८७३ ला साक्रे कर चर्चला मंजुरी दिली. पांढरंशुभ्र, फोटोत सगळ्यांचं लाडकं, पण पॅरिसच्या डाव्यांना ते अजून खुपतं, आमची माणसं मारून वर प्रायश्चित्ताचं देऊळ बांधलं म्हणून. २०२२ ला त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळताना सुद्धा जुनी भांडणं परत निघाली. आणि पायऱ्यांच्या खालच्या बागेला नाव काय दिलंय २००४ पासून, तर लुईझ मिशेल! कम्युनची बाई, शाळामास्तरीण, बंदूक घेऊन लढलेली. तिला हद्दपार करून पार प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनियाला पाठवलं होतं. पर्यटक तिच्या बागेत आईस्क्रीम खातात आणि वर चर्चचा सेल्फी काढतात.

दाजींना विचारलं, ती परत कधी आली? १८८० ला, म्हणाले. १४ जुलैच्या सणाचा कायदा ६ जुलैचा आणि कम्युनवाल्यांना माफीचा कायदा ११ जुलैचा, आठवडाभराच्या आत दोन्ही. पहिला सरकारी १४ जुलै साजरा झाला तेव्हा तिची माफी झाली होती, पण प्रवास लांबचा, पॅरिसला पोचेपर्यंत नोव्हेंबर उजाडला.